महासाथ समाजाला कशी बदलते? मुंबई-पुण्याच्या प्लेगपासून कोरोनापर्यंत महाराष्ट्राने काय पाहिलं

साथ आली की आपण आकडे मोजतो. रुग्ण किती, मृत्यू किती, बेड किती, लशी किती. २०२० आणि २०२१ मध्ये रोज संध्याकाळी हे आकडे मोबाईलवर यायचे आणि लगेच फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड व्हायचे.

पण त्या आकड्यांमध्ये न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टीही त्याच काळात बदलत होत्या. शेजारी एकमेकांच्या घरी जाईनासे झाले. गावाने शहरातून आलेल्या आपल्याच माणसांना वेशीवर थांबवलं. मयताला खांदा द्यायला माणसं मिळेनाशी झाली. त्याच वेळी, कधीही न भेटलेल्या माणसासाठी कोणीतरी रात्रभर ऑक्सिजन सिलिंडर शोधत होतं.

मराठीत 'साथ' हा एकच शब्द रोगासाठीही वापरतात आणि सोबतीसाठीही. पहिली साथ आली की दुसरीची परीक्षा सुरू होते. महाराष्ट्राने ही परीक्षा गेल्या सव्वाशे वर्षांत किमान तीनदा दिली आहे: १८९६ पासूनचा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा आणि २०२० मध्ये आलेला कोरोना. या तिन्ही वेळी लोक कसे वागले, सरकार कसं वागलं आणि साथ ओसरल्यावर मागे काय उरलं, ते या लेखात पाहू.

साथ आल्यावर सर्वात आधी काय होतं?

माणसं निघून जातात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या गोदीजवळच्या मांडवी भागात लोक तापाने मरू लागले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा ब्युबॉनिक प्लेग असल्याचं निदान केलं. सुरुवातीला अनेकांनी ते मान्य केलं नाही. पण मृत्यू वाढले तशी मुंबई रिकामी होऊ लागली. साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या शहरातून पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक बाहेर पडले. गिरण्यांना कामगार मिळेनात. माणसांसोबत प्लेगही प्रवासाला निघाला आणि पुण्यापासून कराचीपर्यंत पोहोचला.

२०२० मध्ये पुन्हा तेच घडलं, फक्त यावेळी रेल्वे आणि एसटी बंद होत्या. २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागू झाला. ज्यांचं रोजचं जेवण रोजच्या मजुरीवर अवलंबून होतं, त्यांच्यासाठी शहरात राहणं परवडेनासं झालं आणि ते पायी निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यातल्या करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करायचे. मध्य प्रदेशातल्या घरी जायला रेल्वे मिळेल या आशेने ते भुसावळच्या दिशेने चालले होते.

दोन्ही वेळी एक गोष्ट समान होती. शहर ज्यांच्या कष्टावर चालतं, त्यांना संकटात ते शहर आपलं वाटलं नाही. साथ नवी दरी पाडते असं आपण म्हणतो. खरं तर आधीपासूनच असलेली दरी ती उघडी पाडते.

शेजारी संशयित कधी होतो?

आजार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक दिसणाऱ्या खुणा शोधतात. मार्च २०२० मध्ये राज्यात घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या हातावर शिक्के मारायला सुरुवात झाली. हेतू संसर्ग रोखण्याचा होता. पण तो शिक्का पाहून प्रवाशांना रेल्वेतून उतरवल्याच्याही घटना घडल्या. काही ठिकाणी डॉक्टर आणि नर्सना घरमालकांनी खोली सोडायला सांगितलं. ज्या बाल्कनीतून त्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या गेल्या, त्याच बाल्कनीखालच्या जिन्यात त्यांना अडवलं गेलं.

कोकणात हा ताण घराघरात शिरला. एरवी गणपतीला, शिमग्याला ज्यांची वाट पाहिली जाते ते मुंबईचे चाकरमानी मे महिन्यात गावी पोहोचले, तेव्हा अनेकांचा मुक्काम आधी गावच्या शाळेत पडला. किती दिवस वेगळं राहायचं, यावर गणपतीच्या तोंडावर वाद झाले. गावकऱ्यांची भीती खोटी नव्हती, कारण जवळपास मोठं रुग्णालय नव्हतं. चाकरमान्यांचं दुखणंही खरं होतं, कारण ते स्वतःच्याच घरी आले होते.

संशयाला धर्म आणि जात चिकटली की तो अधिक घातक होतो. दिल्लीतल्या तबलिगी जमातच्या कार्यक्रमाला आलेल्या परदेशी नागरिकांवर महाराष्ट्रात गुन्हे दाखल झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी ते रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं मत नोंदवलं. तोवर सोशल मीडियावर महिनोन्‌महिने जे पसरायचं ते पसरून गेलं होतं.

शब्दाचाही इथे संबंध आहे. सुरुवातीला सगळीकडे 'सोशल डिस्टन्सिंग' म्हटलं जायचं. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच त्याऐवजी 'फिजिकल डिस्टन्सिंग' म्हणजे शारीरिक अंतर हा शब्द वापरायला सुरुवात केली. शरीरं लांब ठेवायची आहेत, माणसं नाहीत, हा त्यामागचा मुद्दा होता. ज्या समाजात शिवाशिव पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, तिथे 'सामाजिक अंतर' हा शब्द किती सहज रुळतो, हेही या निमित्ताने दिसलं.

१८९७ मध्ये पुण्यात काय चुकलं?

प्लेग रोखण्यासाठी ब्रिटिश सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा प्रशासनाला जवळपास अमर्याद अधिकार देत होता. हाच कायदा २०२० मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी लागू केला.

पुण्यात अंमलबजावणीची जबाबदारी प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे होती. रुग्ण शोधायला सैनिक पाठवले गेले. ते थेट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत. संशयितांना उचलून छावणीत नेत. घरातलं सामान बाहेर काढून जाळलं जाई. स्त्रियांची तपासणी अपमानास्पद रीतीने होते, अशा तक्रारी होत्या. परिणाम उलटाच झाला. लोक रुग्ण लपवू लागले आणि मृत्यूची खबर देईनासे झाले.

२२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, चाफेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्यासोबत लेफ्टनंट आयर्स्ट हेही मारले गेले. पुढे 'केसरी'तल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. एका साथीतून देशाच्या राजकारणाला वळण मिळालं.

मुंबईत हा अविश्वास त्याआधीच दिसला होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, त्याला मुद्दाम मारतात, अशा अफवा होत्या. बरेच रुग्ण अगदी शेवटच्या अवस्थेत दाखल होत असल्याने तिथे मृत्यू जास्त होत, आणि त्यातून अफवेला बळ मिळे. आज ते रुग्णालय कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखलं जातं. २०२० मध्ये मुंबईतले सुरुवातीचे कोरोना रुग्ण तिथेच दाखल झाले होते.

विलगीकरण, तपासणी, निर्जंतुकीकरण हे उपाय मुळात चुकीचे नव्हते. पण ते लोकांशी न बोलता, बंदुकीच्या धाकाने राबवले गेले. त्यामुळे लोकांना रोगापेक्षा उपायाची भीती जास्त वाटू लागली.

मग लोकांनी ऐकलं कधी?

जेव्हा सांगणारा माणूस ओळखीचा आणि विश्वासाचा होता, तेव्हा.

मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक घाबरत होते. खोजा समाजाचे धर्मप्रमुख तिसरे आगा खान यांनी लोकांसमोर लस घेतली आणि समाजासाठी लसीकरणाची सोय केली. त्यानंतर हजारो खोजा लस घ्यायला पुढे आले. सरकारनेही हळूहळू धोरण बदललं. जबरदस्ती कमी झाली, निरनिराळ्या समाजांना स्वतःची प्लेग रुग्णालयं चालवायला परवानगी मिळाली.

सव्वाशे वर्षांनी धारावीत हेच वेगळ्या रूपात दिसलं. जेमतेम सव्वादोन-अडीच चौरस किलोमीटरच्या या भागात आठ लाखांहून अधिक लोक राहतात असा अंदाज आहे. एका खोलीत आठ-दहा माणसं, आणि बहुतेकांसाठी सार्वजनिक शौचालय. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा अनर्थ होणार असंच सगळ्यांना वाटलं.

महापालिकेने तिथे वाट पाहण्याऐवजी घरोघरी जाऊन ताप तपासायला सुरुवात केली. त्यासाठी गल्लीत वर्षानुवर्षं दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं. 'आपले डॉक्टर' दारात आल्यावर लोक लक्षणं लपवत नव्हते. शाळा, मंगल कार्यालयं आणि क्रीडा संकुलात विलगीकरणाची सोय झाली. तिथे जेवण मिळत होतं. शौचालयं दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली जात होती. ७ जुलै रोजी संपूर्ण धारावीत केवळ एक नवा रुग्ण नोंदवला गेला. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला.

धारावीची गोष्ट सांगताना एक बाजू मात्र सोडू नये. त्याच जुलैमध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाच्या अँटीबॉडी आढळल्या. इमारतींमध्ये हे प्रमाण सुमारे १६ टक्के होतं. म्हणजे दाट वस्त्यांमध्ये विषाणू आधीच मोठ्या प्रमाणात फिरून गेला होता, आणि रुग्ण कमी होण्यामागे तेही कारण असू शकतं. पण लोक उपचारापर्यंत वेळेत पोहोचले ते विश्वासामुळे.

सण, वारी आणि अंत्यविधी थांबले तेव्हा

समाज म्हणजे नुसती शेजारी-शेजारी राहणारी माणसं नव्हेत. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी एकत्र येण्यातून तो घडतो. साथ नेमकं तेच बंद करते.

२०२० मध्ये ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. लाखो वारकऱ्यांनी घरात बसून आषाढी केली. २०२१ मध्येही पादुका बसनेच गेल्या. पायी वारी पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. २०२० च्या गणेशोत्सवात सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा होती. लालबागचा राजा मंडळाने २०२० मध्ये मूर्ती बसवली नाही. त्याऐवजी 'आरोग्योत्सव' जाहीर करून रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा उपक्रम घेतला. आजवरची प्रथा मोडूनही लोकांनी हे स्वीकारलं, कारण निर्णय त्यांच्या आपल्या माणसांनी घेतला होता.

सर्वात खोल जखम मात्र अंत्यविधीने झाली. अंत्यसंस्काराला २० जणांची मर्यादा होती. कोरोनाने गेलेल्या माणसाचा चेहराही अनेकांना नीट पाहता आला नाही. दहावं, तेरावं व्हिडिओ कॉलवर झालं, किंवा झालंच नाही. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे लोक पिठलं-भाकरी घेऊन येतात. नातेवाईक येऊन बसतात, फारसं बोलतही नाहीत, पण बसतात. दुःख वाटून घ्यायची ही पद्धत बंद झाली आणि हजारो घरांनी आपलं दुःख एकट्याने सोसलं.

मदतीची साखळी कोणी बांधली?

साथीत माणसं फक्त पळत नाहीत. काही जण उलट दिशेने, आजाऱ्याकडे जातात.

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ हडपसर भागात रुग्णांसाठी दवाखाना चालवला. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आणताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा तर प्लेगपेक्षाही वेगाने पसरला. जूनमध्ये तो मुंबईत दिसला आणि काही महिन्यांत देशभर पोहोचला. भारतातल्या मृत्यूंचे अंदाज एक कोटीच्या पुढेच जातात. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातलं देशाची लोकसंख्या घटलेलं एकमेव दशक आहे. सरकारी यंत्रणा युद्धात गुंतलेली असताना मुंबईत ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था आणि निरनिराळ्या समाजांचे स्वयंसेवक औषधं वाटत होते.

कोरोनात ही साखळी मोबाईलवर बांधली गेली. एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तुम्हीही 'बेड हवा आहे', 'प्लाझ्मा हवा आहे' असे मेसेज पाहिले असतील. कॉलेजमधली मुलं एकेका नंबरवर फोन करून तो खरा आहे का, ते तपासत होती. त्याच मोबाईलवर खोटी औषधं, खोटे नंबर आणि अफवाही फिरत होत्या. माध्यम एकच होतं. फॉरवर्ड करण्याआधी कोणी तपासलं आणि कोणी नाही, एवढाच फरक होता.

या साखळीतला सर्वात मजबूत दुवा मात्र आशा सेविकांचा होता. राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा घरोघरी फिरून ऑक्सिजनची पातळी मोजत होत्या, याद्या बनवत होत्या. त्यांना पगार नव्हता, मानधन होतं. ते वाढावं म्हणून जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. टाळ्या आणि पुरस्कार मिळाले, पण मोबदल्याचा प्रश्न साथ संपल्यावरही सुरूच राहिला.

साथ गेल्यावर मागे काय उरतं?

काही गोष्टी विटा-सिमेंटच्या रूपात उरतात. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते झाले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या. पण घरं जितकी पाडली त्या मानाने गरिबांसाठी बांधली गेली नाहीत. त्यामुळे गर्दी एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत सरकली.

काही गोष्टी घरांत उरतात. महाराष्ट्रात कोरोनाने झालेल्या मृत्यूंचा अधिकृत आकडा १ लाख ४८ हजारांच्या वर आहे. त्यात कमावते पुरुष गेलेल्या घरांमध्ये तरुण विधवा मागे राहिल्या. कोणावर रुग्णालयाच्या बिलाचं कर्ज होतं, कोणाचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. राज्य सरकारने 'मिशन वात्सल्य' सुरू केलं, दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवण्याची योजना आली.

याच काळात विधवांच्या प्रश्नावर गावपातळीवर बोललं जाऊ लागलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हे अनुकरण करायला सांगितलं. ठरावाने प्रथा एका दिवसात जात नाहीत. पण जे शतकानुशतकं घरात दबलं होतं, ते ग्रामसभेत मांडलं गेलं.

आणि काही गोष्टी मनात उरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, कोरोनाच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. तरुण आणि स्त्रियांवर त्याचा परिणाम अधिक झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'टेलिमानस' ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाईन सुरू केली. तिचा नंबर १४४१६ असून मराठीतही बोलता येतं.

पुढच्या साथीआधी आपल्याला काय करता येईल?

पुण्यातल्या छावण्यांपासून धारावीच्या गल्ल्यांपर्यंत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. साथ आल्यावर विश्वास तयार करायला वेळ मिळत नाही. तो आधीचा असेल तरच कामाला येतो. म्हणून काही साध्या गोष्टी साथ नसतानाच करून ठेवता येतात:

• आपल्या इमारतीत किंवा वाडीत एकटे राहणारे वृद्ध, दिव्यांग आणि भाड्याने राहणारे कामगार कोण आहेत, ते माहीत करून घ्या. संकटात सर्वात आधी हेच लोक विसरले जातात.

• तुमच्या भागातल्या आशा सेविकेचं नाव आणि नंबर सेव्ह करा. त्यांच्या मानधनाचा प्रश्न बातमीत आला, तर तो आपलाही प्रश्न आहे असं समजून वाचा.

• ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत आताच ठरवा: विलगीकरणाची वेळ आली तर जागा कोणती, डबा कोण पोहोचवणार, बाहेरून आलेल्या माणसाशी कसं वागायचं. भीतीच्या दिवशी घेतलेले निर्णय सहसा कठोर होतात.

• आजारी माणसाचं नाव, फोटो किंवा पत्ता ग्रुपवर टाकू नका. नाव जाहीर होण्याच्या भीतीने पुढचा रुग्ण तपासणी टाळतो.

• त्या दोन वर्षांत माणूस गमावलेल्या ज्या घरी तेव्हा जाता आलं नाही, तिथे आजही जाता येईल. त्यासाठी उशीर झालेला नाही.